मोनोलिथिक कॉलम मागे का पडले?

अभ्यासू_विद्यार्थी:
आमच्या एमएस्सीच्या पुस्तकात क्रोमॅटोग्राफीतील (मिश्रणातले घटक कॉलममधून वाहवून वेगळे करण्याच्या तंत्रातील) मोनोलिथिक कॉलमवर जेमतेम अर्धे पान आहे. कणांनी भरलेल्या कॉलमऐवजी आरपार छिद्रे असलेला एकसंध दांडा वापरला की दाब कमी लागतो आणि प्रवाह वाढवता येतो, एवढेच त्यात सांगितले आहे. हे खरे असेल, तर औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आजही ३ किंवा ५ मायक्रॉन कणांचेच कॉलम का दिसतात? ही कल्पना कशी पुढे आली आणि कुठे अडली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्तंभलेखक:
आधी मूळ अडचण पाहू. भरलेल्या कॉलममध्ये कणाचा व्यास ठरला की कणांमधली वाटही ठरून जाते. कण बारीक केले तर पीक (आलेखावर दिसणारे घटकाचे शिखर) अरुंद होते, पण प्रवाहाचा वेग तोच ठेवून व्यास निम्मा केला, तर दाब चौपट होतो. सिलिकाच्या मोनोलिथमध्ये द्रव वाहून नेणारी मोठी छिद्रे आणि पृष्ठभाग पुरवणारी सूक्ष्म छिद्रे यांचे माप स्वतंत्रपणे ठरवता येते. माझ्या मते या तंत्राचे मर्म इथे आहे. कमी दाब हा त्याचा केवळ परिणाम.

जेल आणि फोम वापरून सुरुवातीचे प्रयत्न १९६०-७० च्या सुमारास झाले, पण ते फारसे टिकले नाहीत. १९८९ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे येर्टेन आणि सहकाऱ्यांनी पॉलिअॅक्रिलअमाइडचा दाबून बसवलेला सलग थर वापरून प्रथिने वेगळी करून दाखवली. पुढे १९९२ मध्ये श्वेत्स आणि फ्रेशे यांनी मेथाक्रिलेटचा दांडा थेट कॉलमच्या पोलादी नळीतच घडवला. त्यांची कृती आजही वाचण्यासारखी आहे. दोन मोनोमर (पॉलिमर ज्यांपासून बनतो ते लहान रेणू), सायक्लोहेक्झानॉल व डोडेकॅनॉल ही अल्कोहोले आणि थोडा इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारा पदार्थ) यांचे मिश्रण नळीत भरायचे, दोन्ही टोके बंद करायची आणि न ढवळता तापवायचे. तयार होणारा पॉलिमर त्या अल्कोहोलांत विरघळत नसल्यामुळे बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर पडतो, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि नंतर अल्कोहोल धुऊन काढले की त्यांच्या जागी वाटा मोकळ्या राहतात.

सिलिकाचे काम जपानमधील क्योतो येथे झाले. नाकानिशी आणि सोगा यांनी सोल-जेल प्रक्रियेत (द्रवापासून घट्ट जेल बनवण्याच्या पद्धतीत) पाण्यात विरघळणारा पॉलिमर घालून, फेज वेगळ्या होत असतानाच जेल गोठवण्याची युक्ती काढली आणि १९९६ मध्ये मिनाकुची, तानाका आणि सहकाऱ्यांनी अशा दांड्यांवर सी-१८ (१८ कार्बनची साखळी) बसवून कॉलम सिद्ध केले. मात्र जेल आकसते आणि साच्याच्या भिंतीपासून सुटते, त्यामुळे दांडा बाहेर काढून त्यावर पीईईके प्लास्टिकचे घट्ट आवरण चढवावे लागते. हेच तंत्र मर्क कंपनीने २००० च्या सुमारास ‘क्रोमोलिथ’ नावाने बाजारात आणले. त्यात मोठी छिद्रे सुमारे २ मायक्रॉनची आणि सूक्ष्म छिद्रे १३ नॅनोमीटरची होती. कार्यक्षमता साधारण ३ ते ४ मायक्रॉन कणांच्या कॉलमएवढी मिळे, आणि दाब मात्र १० मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना लागेल तेवढाच.

क्यूसी_बाक:
वरील माहिती उत्तम आहे. ‘कुठे अडली’ या भागावर थोडे लिहितो. २००४ मध्ये २ मायक्रॉनपेक्षा लहान कण आणि सुमारे १००० बार सोसणारे पंप एकत्र बाजारात आले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच २.७ मायक्रॉनचे कोअर-शेल (घन गाभा आणि सच्छिद्र कवच असलेले) कण आले, जे जुन्या यंत्रांवरही चालत. मोनोलिथची मर्यादा मात्र आवरणामुळे सुमारे २०० बारच राहिली, आणि पेटंटमुळे उत्पादकही मोजकेच होते, त्यामुळे दुसऱ्या पुरवठादाराचा पर्याय सहज मिळत नसे. औषध कंपनीत ही गोष्ट तांत्रिक गुणांइतकीच महत्त्वाची ठरते. यूएसपीच्या (अमेरिकी औषधसंहितेच्या) एल-१ या सी-१८ कॉलमच्या व्याख्येत मोनोलिथिक सिलिका दांड्याचा समावेश आहे, पण कॉलमची लांबी आणि कणव्यास यांच्या गुणोत्तरावर आधारलेली, कॉलम बदलण्याची सूट मोनोलिथला लावता येत नाही, कारण तिथे कणच नाही. साहजिकच मंजूर झालेली पद्धत बदलून पुन्हा व्हॅलिडेशनच्या (पद्धत विश्वासार्ह असल्याचे सिद्ध करण्याच्या) फंदात कोणी पडत नाही. शिवाय ४.६ मिमी कॉलमवर मिनिटाला ४-५ मिली प्रवाह ठेवला, तर वेळ वाचतो, पण अॅसिटोनायट्राइल हे द्रावक तेवढे वाचत नाही.

अभ्यासू_विद्यार्थी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग श्वेत्स-फ्रेशे यांच्या पॉलिमर दांड्याचे पुढे काय झाले? तोही असाच बाजूला पडला का?

स्तंभलेखक:
नाही, उलट त्याला त्याचे खरे क्षेत्र मिळाले. साध्या पॉलिमर मोनोलिथमध्ये सूक्ष्म छिद्रे फारशी नसतात, त्यामुळे पृष्ठभाग कमी पडतो आणि लहान रेणूंचे विलगीकरण बेताचेच होते. प्लास्मिड (जिवाणूंतील वर्तुळाकार) डीएनए किंवा विषाणू यांचे तसे नाही. हे कण इतके मोठे असतात की भरलेल्या कॉलममधील सच्छिद्र मण्याच्या आत ते जवळजवळ शिरतच नाहीत, आणि शिरले तरी त्यांचे विसरण फार मंद असते. मोनोलिथमध्ये द्रवाचा प्रवाहच त्यांना पृष्ठभागापर्यंत नेऊन सोडतो, म्हणून वेग वाढवला तरी बांधून ठेवण्याची क्षमता फारशी घटत नाही. स्लोव्हेनियातील बीआयए सेपरेशन्सने मेथाक्रिलेटच्या चकत्या आणि नळकांडी याच कामासाठी विकसित केली, आणि जीन थेरपीतील विषाणू-वाहकांच्या शुद्धीकरणात ती वापरली जातात. आपला प्रकल्प जैवरेणूंवर असेल तर पॉलिमर मोनोलिथ जरूर वापरून पाहा; औषधाच्या गोळीतील अशुद्धी मोजायच्या असतील, तर कोअर-शेल कॉलमच घ्या.