मदत हवी आहे: सिमेंटच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं वारली चित्र टिकवायचं कसं?

डहाणूकडच्या आमच्या पाड्यावर समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर सगळे मिळून वारली चित्र काढतोय: नातवंडांच्या काळातला पाडा. कच्च्या कागदावर पोरांनी तारपानाचाशेजारी सोलर पंप काढलाय, म्हाताऱ्या खूश! देवचौक, म्हणजे लग्नाचा देवीचा चौक, घेणार नाही. तो सवाशिणींनी लग्नातच लिहायचा.

अडचण भिंतीची. कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूवर पीठ छान धरतं. सिमेंटवर डिंक घालूनही वाळलं की पापुद्रे सुटतात. जुना डिस्टेंपर खरवडलाय. ॲक्रिलिक आणलं, पण बांबूच्या काडीने ते नीट उतरत नाही, आणि आज्या काडी सोडायला तयार नाहीत. वर पत्रा आहे, तरी झड लागतेच.

गेरूखाली कसला हात द्यावा आणि पिठात काय मिसळावं, म्हणजे निदान दोन पावसाळे निघतील?