ड्रायव्हर नवा, स्लाइस जुनाच: शिकवणाऱ्याकडे आपण का जात नाही?

गंगापूररोडकर

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं तर तो त्र्यंबक रोडवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडतो. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे माणसं फेऱ्या मारतात. गोल्फ मात्र नाही. खेळणारे आम्ही मोजके. शहराबाहेर जाऊन खेळतो, आणि वर्षातून चार-पाच वेळा गाडी काढून पुण्याला किंवा खारघरला जातो.

आमची चौघांची टोळी ११ वर्षांची. गेल्या तीन वर्षांत आम्ही चौघांनी मिळून तीन ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) आणि दोन पटर (भोकाजवळ चेंडू हळूच ढकलायचा क्लब) घेतले. एकेक ड्रायव्हर पन्नास हजारांच्या घरातला. याच काळात शिकण्यावर झालेला खर्च, चौघांचा मिळून, शून्य. तासाला दीड-दोन हजार घेऊन शिकवणारे प्रो पुण्यात आहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

या फेब्रुवारीत कंबर दुखायला लागली म्हणून मी एकटा अशा एका प्रोंकडे गेलो. त्यांनी माझे दहा चेंडू पाहिले आणि स्विंगबद्दल अक्षरही न बोलता माझा डावा हात ग्रिपवर अर्धा इंच फिरवून ठेवला. पुढचे तीन आठवडे चेंडू जमिनीवरून उठेना. ९८-९९ फटक्यांत राउंड संपवणारा मी ११२ वर गेलो; या खेळात फटके कमी तेवढं चांगलं. टोळीतले म्हणाले, सोड ते, बरा खेळत होतास. मी ठरवलेले पाचही तास पुरे केले. आज ९४ आहे, आणि राउंडनंतर मिसळ खायला बसताना कंबरेवर हात जात नाही.

पैसे नाहीत, वेळ नाही, ही आपण सांगायची कारणं आहेत. खरं कारण ते तीन आठवडे. कारखान्यात, दवाखान्यात, कोर्टात ज्याचा शब्द चालतो, त्याला पन्नाशीत सोबत्यांसमोर पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यायची नसते. मला याचं वाईट वाटतं. आमच्यातलाच एक जण वर्षभर खांदा धरून खेळतोय आणि तरी जात नाही. तुम्हाला काय वाटतं?

देवळालीकर

सहमत नाही.

मी तोफखान्यात होतो. गोल्फ शिकलो १९८९ साली, एका पोस्टिंगवर, आणि शिकवलं कॅडीने, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याने. तो मागे उभा राहून एवढंच म्हणायचा, “साब, जल्दी हो गया.” तेवढं पुरायचं. तुमच्या प्रोंनी तुमचे दहा चेंडू पाहिले, त्याने माझे शेकडो राउंड पाहिले. उन्हातले, पावसातले, घरून वाईट बातमी आल्यानंतरचेही.

शिकवणीशिवाय मोठा खेळ होत नाही असंही नाही. अली शेर दिल्लीला कॅडी होते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. गोल्फपटू एस. एस. पी. चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची देखभाल करायचे. मुलगा बघून बघून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. अमेरिकेचा बब्बा वॉटसन शिकवणी न घेता २०१२ आणि २०१४ चं मास्टर्स जिंकला.

आणि या खेळात हँडिकॅप, म्हणजे कमी येणाऱ्याला फटक्यांची सूट, आहे तो कशासाठी? २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी चांगल्या ८ राउंडची सरासरी धरतात. म्हणजे २४ हँडिकॅपचा मी आणि ८ हँडिकॅपचा माझा मित्र बरोबरीने खेळू शकतो. टेनिसमध्ये असं होत नाही. ज्या खेळाने कमी येणाऱ्यालाही बरोबरीचं स्थान दिलं, तिथे ‘सुधारा, सुधारा’ असं मागे लागायचं कारण मला समजत नाही. मी सकाळची हवा आणि तीन माणसांची सोबत यासाठी जातो.

अंबडचा सेटर

काका, मान ठेवून सांगतो. तुम्ही घेतलेली तिन्ही नावं पोरवयात क्लब हातात घेतलेल्यांची आहेत. दहा वर्षांचं पोर नुसतं बघून शिकतं. आपण पंचेचाळिशीत, खुर्चीत बसून आखडलेली पाठ घेऊन सुरू केलं.

आता मुद्द्याचं. मी लेथवर सेटर होतो, आता अंबडला छोटं युनिट आहे. जॉब टेपर यायला, म्हणजे एका टोकाला बारीक व्हायला लागला की नवा ऑपरेटर ऑफसेट (हत्याराच्या जागेचा आकडा) बदलत बसतो. व्यास बदलतो, टेपर तसाच राहतो, कारण दोष टेलस्टॉकच्या (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) अलाइनमेंटमध्ये असतो. स्लाइसचं, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जाण्याचं, अगदी हेच आहे. चेंडू सुटतो तो मुख्यतः क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) जिकडे असेल तिकडे. वळतो तो फेसची दिशा आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. पूर्वी शिकवणारेसुद्धा याच्या उलट सांगायचे. रडारवर चेंडू मोजणारी यंत्रं आली तेव्हा हे नीट कळलं.

आता आपण काय करतो बघा. चेंडू उजवीकडे जातोय म्हणून डावीकडे तोंड करून उभे राहतो. त्यामुळे क्लब बाहेरून आत आणखी कापत येतो. फेस तसाच उघडा. फरक वाढला, चेंडू अजून वळला. मग आपण अजून डावीकडे सरकतो. दुरुस्त करायला जाल तेवढी चूक वाढते, आणि आपल्याला वाटतं आपण मेहनत घेतोय. माझी यात सहा वर्षं गेली.

क्लब आणि चेंडू एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे. तेवढ्यात काय झालं हे मारणाऱ्याच्या हाताला कळूच शकत नाही. म्हणून बाहेरचा डोळा लागतो. डायल लावल्याशिवाय नुसत्या नजरेने अलाइनमेंट करणारा माणूस मी कामावर ठेवणार नाही, मग स्वतःच्या स्विंगला तोच न्याय का नको?

निफाडचा बागायतदार

सेटरदादांचं यंत्राचं गणित पटलं, निष्कर्ष नाही पटला.

माझी सात एकर द्राक्षं आहेत. मी सल्लागार लावतो, एकरी पैसे मोजतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पुढे फळछाटणी, काडी कितव्या डोळ्यावर कापायची इथपासून डावणी-भुरी या रोगांवरच्या फवारण्यांपर्यंत तो सांगेल ते ऐकतो. डोळा चुकला तर अख्खं वर्ष जातं, वर सोसायटीचं कर्ज असतं. ऑक्टोबरात फळछाटणी झाल्यावर परतीचा पाऊस आला की रात्र-रात्र झोप नसते. पोंगा अवस्थेतली (नुकते कोंब फुटलेली) बाग आणि आकाशात ढग, हे ज्याने अनुभवलंय त्याला मी काय म्हणतो ते समजेल.

म्हणजे शिकायची लाज मला नाही. बांधावर पंचविशीतला पोरगा येऊन मला चुका सांगतो आणि मी वहीत लिहून घेतो. पण आठवड्यातले हे चार तास असे आहेत की तिथे चुकलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. चेंडू झाडीत गेला, दुसरा काढला. आयुष्यात असं एकच ठिकाण उरलंय. तिथेही सल्लागार उभा केला तर मी तिथे जायचं कशाला?

गंगापूररोडकर, तुम्ही म्हणता आम्हाला कमीपणा वाटतो. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

कॉलेज रोडची

बागायतदारदादा, तुमचे ते चार तास तुम्हाला मिळतात. मला मिळत नव्हते.

मी सुरू केलं तेव्हा आमच्या मैदानावर आम्ही दोघीच बायका. पहिल्या वर्षी न विचारता सल्ला दिला नाही असा एकही पुरुष भेटला नाही. ‘ताई, डोकं वर उचललंत.’ ‘मॅडम, हात सरळ.’ ‘वहिनी, जरा हळू.’ सगळे भले लोक होते, मदत म्हणूनच सांगत होते. पण तीन जणांचे तीन सल्ले एकाच चेंडूवर. मी त्या वर्षी गोल्फ सोडायच्या बेतात होते.

मग शिकवणी लावली. पहिल्याच तासाला कळलं की डोकं वर जाण्याचा काही संबंधच नव्हता. चेंडू हवेत उचलायचा म्हणून मी वजन मागच्या पायावर ठेवून क्लब वर ओढत होते. सात नंबरच्या क्लबला तीस अंशांच्या आसपास तिरकेपणा मुळातच असतो. उचलायचं काम तो करतो, आपण खाली मारायचं. एवढं एक वाक्य मला वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं.

धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. लोक प्रोकडे जात नाहीत कारण फुकटचा सल्ला मुबलक आहे. मैदानावर आहे, मोबाइलवर तर रात्रभर आहे. प्रत्येक सल्ला कोणा ना कोणासाठी बरोबर असतो. तो आपल्यासाठी आहे का, हे सांगणारं कोणी नसतं. आणि तास लावल्यापासून मी एक वाक्य शिकले: “माझे सर वेगळं सांगतात, मी तेवढंच करतेय.” त्यानंतर मला माझे चार तास मिळाले.

सातपूर कॉलनी

सगळं खरं, पण पुणं दोनशे किलोमीटर आहे. जाऊन-येऊन आठ तास, डिझेल, टोल, आणि एक तास शिकायचं. घरी काय सांगू? कविता राऊतला नाशिकमध्ये विजेंदर सिंग सरांसारखे प्रशिक्षक लाभले. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आलं, त्यामागे रोज पहाटे मैदानावर उभा असलेला माणूस होता. आमच्या खेळाला दर रविवारी दोन तास येणारा कोणी मिळाला, तर मी पहिला नाव देईन. नसलेल्या गोष्टीकडे जात नाही म्हणून लोकांच्या मनाचे अर्थ काढू नयेत.

शिकवणारा

मी मूळचा नाशिकचा, १२ वर्षं पुण्यात शिकवतो. आमच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण दोष आमचाही आहे.

बहुतेक लोक स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात येतात. एक तास हवा असतो. त्या तासात आम्ही काय करतो, तर दिसलेल्या सातही चुका सांगून टाकतो. माणसाला वाटतं पैसे वसूल झाले, आम्हाला वाटतं आपली विद्या दिसली. तो घरी जातो, सात गोष्टी डोक्यात घेऊन टीवर (पहिल्या फटक्याच्या जागी) उभा राहतो, आणि त्याला साधा चेंडू लागत नाही. दुसऱ्यांदा तो येत नाही, आणि चार जणांना सांगतो की शिकवणीने खेळ बिघडतो. त्याच्या अनुभवापुरतं ते खरंच असतं. मी पहिली चार-पाच वर्षं असंच शिकवलं, त्या लोकांची मला आजही रुखरुख आहे.

आता मी एकच गोष्ट देतो आणि पंधरा दिवस दुसरी मागू देत नाही. गंगापूररोडकरांच्या प्रोंनी ग्रिपला हात घातला तो बरोबर जागी. जॅक निकलॉस, १८ मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकलेला माणूस, दर मोसमाच्या सुरुवातीला आपल्या जॅक ग्राउट या गुरूंकडे जाऊन पायापासून पुन्हा सुरू करायचा. पण खेळ आधी बिघडेल, किती दिवस बिघडेल, हे आम्ही आधी स्पष्ट सांगायला हवं. डॉक्टर ऑपरेशनआधी सांगतात तसं. आम्ही घाबरतो, गिऱ्हाईक जाईल म्हणून.

बागायतदारदादांचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे. त्यांना शिकायची गरज नाही. दुखत नसेल आणि आनंद मिळत असेल तर पैसे वाचवा. मात्र कंबर, खांदा, कोपर यांपैकी काही बोलायला लागलं असेल तर हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

आणखी एक. पार, म्हणजे मैदानाचा ठरलेला फटक्यांचा आकडा, ७२ असतो त्यात प्रत्येक ग्रीनवर (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) दोन याप्रमाणे पटरचे ३६ फटके धरलेले असतात. निम्मा खेळ. भोक १०८ मिलिमीटरचं, चेंडू जमिनीवरून जायचा, ताकद लागत नाही, वय आड येत नाही, आणि जुनं काही मोडावंही लागत नाही. फक्त पटिंग शिकायला आलेले लोक १२ वर्षांत मी बोटांवर मोजू शकतो. सगळे ड्रायव्हर घेऊनच येतात.

गंगापूररोडकर

बागायतदारदादा, तुमच्याबाबतीत माझं चुकलं. मी आमच्या टोळीवरून सगळ्यांचं अनुमान काढलं. सातपूरकरांचंही खरं, मला पुण्याला जाणं परवडलं कारण माझी मुलगी तिथे राहते.

पण देवळालीकर काका, तुमच्याशी मला अजून भांडायचंय. हँडिकॅप बरोबरी देतं हे कबूल. पण सातव्या होलनंतर ज्याचा खांदा वर जात नाही, त्याला हँडिकॅपने काय मिळतं? आणि तुमच्या कॅडीसारखा कॅडी आज कुठे आहे? शेकडो राउंड पाहणारा, वेळेवर एक शब्द बोलणारा. तुम्हाला शिकवणारा होता, काका. त्याची फी वेगळ्या नावाने जात होती, एवढंच.

देवळालीकर

हे शेवटचं वाक्य दुपारपासून डोक्यात आहे.

गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. तेव्हापासून जुना स्विंग बसत नाही. माझ्यासोबत हल्ली जो मुलगा असतो तो हुशार आहे, त्याला दिसतं, पण माझ्या वयाकडे बघून तो बोलत नाही. मीही कधी त्याला विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

अली शेर आणि चौरसियांबद्दल लिहिलेलं मी मागे घेत नाही. सोबतीसाठी खेळणाऱ्याला कोणी कमी लेखू नये, हेही मागे घेत नाही.

सातपूरकर, दर रविवार जमणार नाही, पण महिन्यातून एकदा शिकवणाऱ्यांना इकडे बोलावता येईल का? आठ जण झाले तर त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च वाटून घेऊ. राहायची सोय माझ्याकडे, घर रिकामंच आहे. माझं नाव पटिंगपुरतं लिहा. ड्रायव्हरचं नंतर बघू.