मदत हवी आहे: पेशंटऐवजी सासूबाईच बोलतात, काय करू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मानसोपचाराचं पहिलं वर्ष करतोय. ओपीडीत राधानगरी, गगनबावड्याकडचा पेशंट एकटा कधीच येत नाही; सोबत सासू, दीर, कधी अख्खं वडाप (जीपभर माणसं). मी बाईंना विचारतो, "काय त्रास होतोय?" उत्तर सासूबाई देतात.

पुस्तकात सोपं असतं: आधी मोकळे प्रश्न, मग नेमके. इथं "उदास वाटतं का?" म्हटलं की "न्हाई". पण "जीव घाबरा हुतोय का? झोप किती वाजता मोडते?" विचारलं की धागा सापडतो. (हे शिकवलं एका जुन्या सिस्टरांनी, सरांनी नव्हे.)

अडतंय दोन ठिकाणी. नातेवाइकांना न दुखावता बाहेर कसं पाठवायचं? माहिती त्यांच्याकडूनही हवीच असते, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. दुसरं, आत्महत्येचा विषय. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही हे माहीत आहे, तरी जीभ अडखळते. "जगणं नकोसं वाटतं का?" याला नुसतीच मान हलली, तर तुमचं पुढचं वाक्य काय असतं? नेमके शब्द सांगा, आपल्या बोलीतले. आणि हो, हे सगळं 15 मिनिटांत बसवायचंय. बाहेर रांग असते.