लांब इंग्रजी शब्द तोडायचे कसे आणि जोर कुठे द्यायचा?

प्रश्न: फोंड्याला मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातली बरीच पुढे हॉटेलांत नोकरीला जातात. अकॉमोडेशन, हॉस्पिटॅलिटी यांसारखे शब्द ती सगळ्या अक्षरांना सारखंच वजन देऊन म्हणतात आणि परदेशी पाहुण्याला ते उमगत नाहीत. आघात शिकवायची काही रीत आहे का?

उत्तर: आहे, बाई. आधी कानाला येणारे स्वर मोजायला लावा, स्पेलिंगमधले नव्हेत. व्हेजिटेबल बोलताना तीनच तुकडे पडतात: व्हेज-ट-बल. मग शब्दाचं शेपूट पाहा. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो. रिझर्व्हेशनमध्ये ‘व्हे’वर, इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’वर. हॉस्पिटलमध्ये तो ‘हॉस’वर असतो, हॉस्पिटॅलिटीत सरकून ‘टॅ’वर जातो. इंजिनिअर, व्हॉलंटिअर यांत मात्र शेपूटच जोर घेतं. ‘इक’ला अपवाद आहेत; गोव्यात रोज ऐकू येणारा म्हणजे कॅथलिक, जोर ‘कॅ’वर.

पण जोर देणं हे अर्धंच काम. उरलेले तुकडे सैल सोडले नाहीत तर तो जोर ऐकूच येत नाही. मराठीत लिहिताना आपण ‘अकॉमोडेशन’ लिहितो आणि तो ‘मो’ भरदार म्हणतो. इंग्रजीत तिथे नुसता ‘म’ उरतो: अ-कॉ-म-डे-शन. ‘डे’ ठळक, ‘कॉ’वर थोडा दुय्यम भार, बाकी सगळं आखूड. हा आखूड स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे, म्हणजे मुलांच्या तोंडात तो आधीपासूनच आहे. माझ्या मते यावरच सर्वांत जास्त वेळ द्यावा.

आणखी एक उत्तर: माझे आजोबा मडगावला पोर्तुगीज शाळेत शिकलेले, १९६१च्या आधी. इंग्रजी हॉस्पिटल म्हणतानाही ते शेवटच्या ‘टल’वर जोर द्यायचे. पोर्तुगीजमध्ये ‘ल’ने संपणाऱ्या शब्दाचा आघात सहसा शेवटीच असतो, ती सवय. घरात असं ऐकणाऱ्या मुलांना फरक मुद्दाम ऐकवावा लागतो.

प्रश्नकर्तीस: शब्दकोश वापरत असाल तर एक सांगतो. अमेरिकन कोशांत मूळ शब्दात जे ठिपके असतात, ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा यासाठी. उच्चाराचे तुकडे त्याच्या पुढे दिलेल्या उच्चारलेखनात पाहावेत. मेरियम-वेबस्टरसारख्या कोशात तिथली वरची उभी खूण आघात असलेल्या तुकड्याच्या आधी असते; काही अमेरिकन कोशांत मात्र आघाताची खूण तुकड्याच्या नंतर देतात, म्हणून आपल्या कोशाची पद्धत आधी पाहून घ्या. आधी असलेली खूण मुलं मागच्या तुकड्याची समजतात.