पाटी लागली, पुढे काय? मुलांसाठीच्या सरकारी कार्यालयांचे तुमचे अनुभव

आमच्या भागात, पूर्व उपनगरात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बालसंरक्षणाच्या कार्यालयाची नवी पाटी लागली आहे. भाजीवाल्यापाशी, नाक्यावर, चाळीच्या जिन्यात एकच सूर ऐकू येतो: "अजून एक ऑफिस. अजून चार खुर्च्या." मी महापालिकेच्या शाळेत २९ वर्षं शिकवलं, त्यामुळे हा सूर मला परका नाही. पण अशा कार्यालयाची पायरी ज्यांनी खरोखर चढली आहे, त्यांच्याकडून ऐकायचं आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी माझा अनुभव. २००९ साली माझ्या वर्गातला, चौथीतला एक मुलगा यायचा बंद झाला. शोध घेतला तर कळलं, बापाने उचल घेतली होती आणि पोराला जरीच्या कारखान्यात बसवलं होतं. मी १०९८, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर, फिरवला. हा नंबर मूळचा आपल्या मुंबईचा. १९९६ साली देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून एक प्रयोग म्हणून तो सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण आले. मुलगा सुटला, हे तर झालंच. पण त्यातली एक ताई नंतर आठ महिने त्या घरी जात राहिली. बापाशी बोलली, उचलीचा हिशोब करायला लावला, मुलाचं नाव पुन्हा पटावर आलं का ते बघायला शाळेत आली. माझा विश्वास बसला तो नंबरावर नव्हे, त्या ताईवर.

म्हणून विचारते: तुम्ही कशासाठी गेलात, कोण भेटलं, आणि पुढच्या वेळी तोच माणूस भेटला का? मुलांची नावं, शाळा, पत्ते लिहू नका. कायद्यानेही मनाई आहे.

स्टेशनवरचा दादा, कळवा

बाई, तुम्ही ज्या नंबराबद्दल लिहिलंत त्याच कामात मी सहा वर्षं होतो, एका संस्थेतर्फे, मोठ्या स्टेशनवर. पहाटे लांबच्या गाड्या लागायच्या, तेव्हा जनरल डब्याच्या दारापाशी उभं राहायचं. घरून निघालेलं पोर लगेच ओळखू येतं. बाकी सगळे बाहेर धावत असतात आणि ते एकटं थांबलेलं असतं. पहिल्यांदा नाव विचारायचं नाही. चहा द्यायचा, शेजारी बसायचं. फोन आला तर तासाभरात मुलापर्यंत पोचायचं, हा आमचा नियम. काही फोनवर पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. तो फोन ठेवायचा नाही. माझ्या सोबतची एक मुलगी असाच फोन सलग चार रात्री धरून बसली, पाचव्या रात्री पलीकडची मुलगी बोलली.

२०२३ मध्ये हे काम संस्थांकडून काढून सरकारकडे घेतलं. आता फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो, तिथून जिल्ह्याच्या कक्षाकडे, आणि तातडीचं असेल तर ११२ कडे. आत्ता या क्षणी मार खाणाऱ्या मुलासाठी हे बरोबर आहे, पोलीस लवकर पोचतात. पण फलाटावर थांबलेलं ते पोर खाकी बघितली की पळतं. मी स्वतः त्यांच्यामागे धावलोय. आमच्यातले काही जण नव्या कक्षात कंत्राटावर लागले, तेवढा अनुभव तरी टिकला. मी आता कुरियरमध्ये आहे. पहाटेची जाग अजून तशीच येते.

काळाचौकीची आई

मे २०२१ मध्ये हे गेले, कोविडने. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. ज्या मुलांचे आई-वडील दोघंही गेले त्यांच्या नावाने राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली. माझी मुलं त्यात बसत नव्हती, कारण मी जिवंत होते. बालसंगोपन योजनेत बसत होती, तेव्हा महिन्याला ११०० रुपये होते.

मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि मुलांना घेऊन घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. चाळीतल्या दहा बाय बारापुढे, गॅलरीत, सगळ्या शेजाऱ्यांसमोर तो फोटो काढून घेतला. मुलगी त्या फोटोत खाली बघते आहे. तिने विचारलं होतं, "हा कशाला लागतो गं?" मला सांगता आलं नाही.

फाईल दिली. तीन महिन्यांनी गेले तर खुर्चीवर वेगळ्या मॅडम. म्हणाल्या, "तुमची फाईल आधीच्या मॅडमकडे होती." आणखी चार महिन्यांनी गेले तर तिसरं कुणीतरी. पैसे आले ते चौदाव्या महिन्यात, सगळे एकदम. तोवर मी दोन घरची पोळ्यांची कामं धरली होती. आता रक्कम २२५० झाली आहे, पण नियमित नाही. चार-चार महिने काही नाही, मग एकदम.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. त्या कार्यालयातल्या शिपाईकाकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, पोच घेतल्याशिवाय इथून हलू नका. आवक क्रमांक लिहून घ्या." तो आवक क्रमांक नसता तर फाईल सापडलीच नसती. जे कुणी जाणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

विक्रोळी, दोन मुलांचा बाप

आवक क्रमांक, शंभर टक्के. शिवाय प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स.

भांडुपहून

मी थोडं वेगळं सांगतो. माझा मुलगा तेराव्या वर्षी घरून निघून गेला. तिसऱ्या दिवशी रेल्वे सुरक्षा दलाला नाशिकच्या बाजूला सापडला. मला वाटलं जायचं, सही करायची, आपलं पोर घेऊन यायचं. तर त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, उभं केलं. आमचे आधार, फोटो, जन्मदाखला. माझं डोकं फिरलं. माझ्याच मुलासाठी मला पुरावा द्यायचा?

समितीतल्या एका बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. पाऊण तास. बाकावर बसून मी घड्याळ बघत होतो. मग मला आत बोलावलं आणि विचारलं, "पट्ट्याने मारता का?" मी मारायचो. माझ्या बापानेही मला मारलं होतं. तो का गेला हे मला त्या खोलीत कळलं. घरी तीन दिवस आम्ही सगळ्यांना सांगत होतो की मार्कांमुळे गेला.

तेव्हा मी या कार्यालयांना शिव्या देणाऱ्यांत होतो. आज "मुलाला लगेच सोडा" असं कुणी तिथे ओरडताना दिसलं, तर मी त्याला थांबायला सांगेन.

नाव नको, दादर

भांडुपकरांना दंडवत, असं लिहायला छाती लागते. पण माझा राग कमी होत नाही. ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण आठवा. लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा २०१२ पासून आहे. राज्याचा बाल हक्क आयोग आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायचे आदेश होते. तरी त्या दोन लहान मुलींच्या आई-वडिलांची तक्रार नोंदवून घेताना दिरंगाई झाली, लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल थांबल्या, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. यातलं कुठलं कार्यालय कमी पडलं म्हणून नवं काढायचं? असलेल्यांनी काम केलं असतं तर पुरलं असतं. माझ्या भाचीच्या शाळेत त्या समितीबद्दल विचारलं तर ऑफिसातल्या बाईंना नावसुद्धा माहीत नव्हतं.

अंगणवाडी सेविका, धारावी

दादरकरांचं पटतं. कार्यालय कुठलंही निघो, यादी आम्हीच करतो. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मुलांची वजन-उंची भरायची, आहार वाटायचा, सर्व्हे आला की सर्व्हे, आणि वस्तीतल्या बालसंरक्षण समितीत सेविका म्हणून आमचं नाव असतंच. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो तेव्हा लोक म्हणाले, पोरांचं काय? आमच्या मानधनाबद्दल विचारणारे फार थोडे.

पण कुठल्या घरात पोर मार खातंय, कुणाच्या मुलीचं लग्न गावाला ठरतंय, हे सगळ्यात आधी आम्हाला कळतं. गल्ली हातभर रुंदीची, भिंतीला भिंत. मला विचारायला कुणी येत नाही, फॉर्म तेवढा येतो. नवीन साहेबांनी महिन्यातून एक दुपार माझ्या अंगणवाडीत येऊन बसावं. चटई मी घालीन.

एकोणिसावं वर्ष

मी बालगृहात वाढले. तिथे मला जेवण, शाळा, मैत्रिणी मिळाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. अठरा पूर्ण झाल्यावर काय, हे मात्र सतराव्या वर्षापर्यंत कुणी बोललं नाही. अठरानंतर एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहात राहता येतं, हे मला एका मैत्रिणीकडून कळलं. राज्य सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे, त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते काढायला गेले तर पहिला प्रश्न, "आई-वडिलांचा मृत्यूचा दाखला आणलाय का?" मी म्हटलं, ते कोण हेच मला माहीत नाही. समोरचे सर गप्प झाले, मग उठून दुसऱ्या टेबलावर विचारायला गेले. त्यांनी दोन दिवसांनी स्वतः फोन करून कुठले कागद चालतील ते सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं.

नव्या कार्यालयाकडून मला एवढंच हवं आहे, सतराव्या वाढदिवसाला एक फोन.

आतली

खूप वेळ विचार करून लिहिते आहे. मी अशाच एका कार्यालयात कंत्राटी सामाजिक कार्यकर्ती आहे. ११ महिन्यांचा करार, मग दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा. काळाचौकीच्या ताई, दर वेळी वेगळी मॅडम का भेटते त्याचं हे एक कारण. गेल्या तीन वर्षांत माझ्या बाजूचं टेबल पाच जणींनी सोडलं. दुसरी नोकरी मिळाली की जातात, कारण पगार चार महिने थांबतो तेव्हा त्यांचंही भाडं थांबतं.

एका मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल म्हणजे घरी जाणं, शेजारी, शाळा, पुन्हा घर. उपनगरात एक घर मानखुर्दला, दुसरं दहिसरला. बसचे पैसे आधी स्वतःचे. नीट करायचा तर दोन दिवस लागतात, मला बहुतेक वेळा अर्धा दिवस मिळतो. अर्ध्या दिवसात मूल बोलत नाही. "घरातील वातावरण समाधानकारक" असं मी लिहिलंय आणि नंतर रात्री झोपले नाही, असं दोनदा झालं. दोन्ही घरी मी पुन्हा गेले, सुट्टीच्या दिवशी. एका घराबाबत माझी चूक झाली होती. अहवाल बदलला.

तुमचा अविश्वास मला खोटा वाटत नाही. पण "खुर्च्या गरम करतात" हे वाचलं की लागतं. आमच्या तिथे तिघींत दोनच खुर्च्या आहेत.

धागाकर्ती

सगळं वाचलं, काही दोनदा. काल त्या नव्या पाटीच्या कार्यालयात जाऊन आले. एक टेबल, एक कपाट, संगणकाचा खोका अजून फोडलेला नाही. तिथे पंचविशीतली एक मुलगी होती, नीट बोलली, पाणी दिलं. मी विचारलं, "एखादं मूल एकटंच दारात आलं तर?" ती म्हणाली, "पालकांना बोलावून घेऊ." मी भांडुपच्या पाऊण तासाबद्दल सांगितलं, नाव-गाव न सांगता. तिने वही काढली आणि लिहून घेतलं. मग म्हणाली, "मुलाशी एकटं बोलायला इथे वेगळी खोली नाही." मागे एक बंद खोली आहे, जुन्या फायलींनी भरलेली. ती मोकळी करून द्यावी असा अर्ज मी तिथेच लिहिला, पोच घेतली, आवक क्रमांक वहीत आहे. धारावीच्या ताई, तुमच्या चटईचंही तिला सांगितलं. तिने तुमच्या अंगणवाडीची वेळ विचारली आहे.

सोमवारी अकराला पुन्हा जाते आहे. आसपासचं कुणी सोबत येणार असेल तर इथे लिहा.