गाठ, गोया की मांसार्बुद? 'सार्कोमा'ला घरात काय म्हणायचं

तापीकाठ, चोपडा:
शब्द हवाय, जरा तातडीने. आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत फायब्रॉइड निघालं, ४ सेंमी, साधी गाठ आहे, पाळी गेलीय तर आपोआप बारीक होईल म्हणाले. यंदा अंगावरून जायला लागलं तर ती शेजारच्या काकूंना "पाळी परत आली वाटतं" एवढंच बोलली आणि आम्हाला तीन महिने पत्ता नाही. परत सोनोग्राफी केली तर गाठ ९ सेंमी. पिशवी काढली, तपासायला पाठवली, रिपोर्ट आला लिओमायोसार्कोमा, म्हणजे पिशवीच्या भिंतीच्या स्नायूतला कॅन्सर, सार्कोमाचा एक प्रकार.

भावाने तिला सांगून टाकलं "गाठ होती, काढली, झालं". आता ती छातीच्या सीटी स्कॅनला यायलाच तयार नाही, गाठ पोटात होती तर छातीत काय बघायचं म्हणते. मी "स्नायूचा कॅन्सर" म्हटलं तर बाबा म्हणे स्नायू तर हातापायाला असतात. "गर्भाशयाचा कॅन्सर" म्हटलं तर नर्स असलेली मामेबहीण म्हणाली तो वेगळा, तो अस्तराचा. खोटं बोलायचं नाही आणि तिला घाबरवायचंही नाही, असा शब्द आहे का कुणाकडे?

शब्दवेडा, धुळे:
आहे ना ताई, मांसार्बुद. सुश्रुताने निदानस्थानात ग्रंथी (साधी गाठ) आणि अर्बुद (खोल रुजलेली मोठी गाठ) एकाच अध्यायात पण वेगवेगळे सांगितलेत, आणि अर्बुदाच्या प्रकारांत मांसार्बुद आहे. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांसच, त्यामुळे सार्कोमाला याहून नेमका शब्द मिळणार नाही. आपल्याकडे शब्द आहेत, आपण ते वापरत नाही ही खंत आहे.

केळीवाला, रावेर:
भाऊ, चोपड्याच्या बाईला अर्बुद सांगणार? आमच्याकडे सरळ "पोटमा गोया शे", पोटात गोळा आहे, म्हणतात, सगळ्यांना कळतं.

रजनीताई, जळगाव:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं स्लाइडी बनवतेय म्हणून बोलते. गोळा नको, पोटात गोळा येतो म्हणजे माणूस घाबरतो, आणि गॅसचाही गोळाच असतो. मांसार्बुद तर मुळीच नको, सुश्रुताने त्याला असाध्य म्हटलंय, तो शब्द आईच्या कानावर घालायचा का?

खरी अडचण 'साधी गाठ' या शब्दात आहे. सोनोग्राफीत फायब्रॉइड आणि हा सार्कोमा कित्येकदा सारखेच दिसतात, एमआरआयने संशय वाढतो पण खात्री होत नाही. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची, तिच्यात हा सापडायची आशा धरू नये. क्युरेटिंगमध्ये अस्तर खरवडतात आणि हा तर भिंतीच्या स्नायूत वाढतो, त्यामुळे तेही कोरं येऊ शकतं. आम्ही गाठीचा तुकडा मेणात बसवून त्या ब्लॉकमधून पापुद्र्यासारखे काप काढतो, गरम पाण्यावर ते तरंगतात, तिथून काचेवर घेतो, मग डॉक्टर बघतात पेशी किती विभागतायत, केंद्रकं वेडीवाकडी आहेत का, मधला भाग मेलाय का. तेव्हा कुठे नाव ठरतं. २०१४ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, दुर्बिणीतून गाठ बारीक करून काढण्याबद्दल इशारा दिला होता, फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० बायकांत एकीला लपलेला सार्कोमा असतो असा त्यांचा अंदाज होता, आणि तो बारीक करताना पोटात पसरू शकतो. म्हणजे बहुतेक गाठी साध्याच निघतात हेही खरं. पण पाळी गेल्यावर गाठ वाढली तर 'साधी' शब्द तोंडातून काढू नये असं माझं मत आहे.

शब्दवेडा, धुळे:
असाध्यचा मुद्दा मान्य. पण मग 'कर्करोग' तरी म्हणा, कॅन्सर कशाला?

केळीवाला, रावेर:
कॅन्सर आता मराठीच झालाय. बसमधली म्हातारीपण कॅन्सरच म्हणते, कर्करोग फक्त पोस्टरवर.

शब्दवेडा, धुळे:
पोस्टरवर आहे म्हणून तरी जिवंत आहे. आणि नीट बघितलं तर कर्क म्हणजे खेकडा, ग्रीक 'कार्किनोस'ही खेकडाच, त्यातून कार्सिनोमा, म्हणजे अस्तरातून किंवा त्वचेतून होणारा कॅन्सर. सार्कोमा त्या खेकड्याच्या घरचा नाही, त्यामुळे त्याला कर्करोग म्हणणंही काटेकोर नाही.

रजनीताई, जळगाव:
काटेकोरपणा रिपोर्टमध्ये असू दे. 'बिनाइन'ला, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीला, 'सौम्य' लिहितात त्याचंच बघा, एका बाईने मला विचारलं होतं, सौम्य म्हणजे थोडाच कॅन्सर आहे ना?

निवृत्त शिक्षिका, अमळनेर:
सगळे गाठीवर बोलताय, मला तर "पाळी परत आली" हे वाक्य खुपतंय. पाळी म्हणजे क्रम, वारी. वर्षभर आली नाही की ती संपली, त्यानंतर जातं ते रक्त, त्याला पाळी म्हणायचं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईही "परत सुरू झालं" म्हणत चार महिने घरात बसल्या, त्यांना अस्तराचा निघाला. आणि 'अंगावरून जातं' यात पांढरं की लाल तेही कळत नाही, विचारावं लागतं. आमच्या पिढीला 'कावळा शिवला' म्हणायची सवय, रक्त शब्द तोंडात यायचाच नाही. मुलींनो, आयांना सरळ "रक्त जातंय का" असं विचारा.

गिरणाकाठ, चाळीसगाव:
बरोबर आहे बाई. पण रावेरला 'शे' कोण म्हणतं? रावेर-यावलला लेवा बोली, 'शे' तर आमच्या अहिराणीचं.

केळीवाला, रावेर:
आजी अमळनेरची होती, तिच्याकडून आलं. 'गोया' मात्र दोन्हीकडे चालतं, लेवा बोलीतही ळचा य होतो, डोया, काया.

तापीकाठ, चोपडा:
सगळ्यांचं वाचलं. रजनीताई, मुंबईला टाटाला दाखवायला काय काय मागून घेऊ? आणि आईला छातीचं कसं सांगू?

रजनीताई, जळगाव:
स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा, रिपोर्टची मूळ प्रतही. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे. छातीचं असं सांगा की ही गाठ रक्तातून फुप्फुसाकडे जाऊ शकते, म्हणून तिथे आधीच बघून ठेवायचं. नाव मी तरी 'कॅन्सरची गाठ' असंच घेईन.

शब्दवेडा, धुळे:
'कॅन्सरची गाठ' म्हणजे परत गाठच आली ना? आणि काया-डोयाबद्दल, सगळ्याच ळचा य होतो का? नंदुरबारकडचं कुणी आहे का इथे?