मदत हवी आहे: 'बाय' आणि 'अन्टिल', दोन्ही 'पर्यंत'च, मग कुठे काय वापरायचं?

कामाच्या ईमेलमध्ये मी लिहिलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट अन्टिल फ्रायडे.' उलट विचारणा आली, शुक्रवारपर्यंत रोज पाठवणार का? इथे 'बाय फ्रायडे' हवं, एवढं कळलं. का, ते अजून उमगलेलं नाही. 'शुक्रवारपर्यंत पाठव' आणि 'शुक्रवारपर्यंत थांब', आपल्याकडे दोन्हीकडे एकच 'पर्यंत'.

दुसरी अडचण जास्त छळते. 'तो येत नाही तोपर्यंत मी थांबते' याचं मी 'अन्टिल ही डझन्ट कम' करते. त्यात 'नॉट' नको म्हणतात. मग 'नाही' गेलं कुठे? कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा.

प्रतिसाद १
क्रियापदाकडे बघा. थांबणं, राहणं, झोपणं त्या वेळेपर्यंत चालू राहतं, म्हणून 'अन्टिल'. पाठवणं, पोहोचणं, संपवणं एकदाच घडतं, म्हणून 'बाय'. मी मनात 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघतो. 'शुक्रवारच्या आत पाठव' जमतं, 'शुक्रवारच्या आत थांब' कानाला खटकतं. जमलं तर 'बाय'. फक्त 'बाय फ्रायडे'मध्ये सहसा शुक्रवारही धरतात, हे लक्षात असू द्या.

आता नकार आला की चित्र पालटतं, आणि मला हा भाग फार आवडतो. 'आय वोन्ट सेंड इट अन्टिल फ्रायडे' अगदी बरोबर आहे. पाठवणं क्षणाचं असलं तरी न पाठवणं शुक्रवार उजाडेपर्यंत चालूच असतं ना!

तुमच्या 'नाही'बद्दल: 'येत नाही तोपर्यंत' म्हणताना मराठी त्याच्या येण्याआधीचा काळ दाखवते, तर 'येईपर्यंत' म्हणताना तो काळ जिथे संपतो ती वेळ. 'अन्टिल'ला ही दुसरीच गोष्ट कळते. तेव्हा आधी मराठी वाक्य 'तो येईपर्यंत' असं करून घ्या, 'नॉट' आपोआप गळेल: 'आय विल वेट अन्टिल ही कम्स.' 'विल कम' मात्र नको. 'व्हेन', 'आफ्टर', 'अन्टिल' यांनी वेळ सांगताना भविष्यासाठीही साधा वर्तमानकाळच येतो.

मूळ प्रश्नकर्ती
'येईपर्यंत'ची युक्ती पटली, मनापासून आभार! पण मग 'तो येईपर्यंत माझं काम झालेलं असेल' यात? काम तर एकदाच संपतं.

प्रतिसाद २
म्हणून तिथे 'बाय'च. फक्त 'बाय'च्या पुढे अख्खं वाक्य जोडता येत नाही, 'बाय द टाइम' लागतं: 'बाय द टाइम ही कम्स, आय विल हॅव फिनिश्ड.'